हरणाऱ्यांची रांग

१९८४ सालच्या एप्रिल महिन्यात, हंगाम संपायला दोनच सामने उरलेले असताना, ह्यूस्टन रॉकेट्स संघाचे प्रशिक्षक बिल फिच यांनी एल्विन हेज या खेळाडूला सॅन अँटोनिओविरुद्ध सलग ५३ मिनिटे खेळवले. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा सामना ४८ मिनिटांचा असतो. हा सामना बरोबरीत राहिल्याने पाच मिनिटे वाढवून द्यावी लागली, आणि त्या संपूर्ण काळात हेजला क्षणभरही बाकावर बसू दिले गेले नाही. हेज तेव्हा ३८ वर्षांचा होता. एके काळी मैदाने गाजवलेला हा खेळाडू निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा होता आणि त्या हंगामात बराचसा वेळ बाकावरच बसून असे. त्याच्या कारकीर्दीतील मिनिटांची बेरीज अखेर बरोबर ५०,००० भरली. त्यामुळे ज्येष्ठाचा शेवटचा सन्मान म्हणूनही या प्रसंगाकडे पाहता येईल. अमेरिकन क्रीडारसिकांनी मात्र त्याकडे तसे पाहिले नाही. त्यांचे लक्ष दुसऱ्याच एका बेरजेकडे होते. ह्यूस्टनने शेवटच्या १७ सामन्यांपैकी १४ गमावले होते. हंगामाअखेर त्यांच्या खात्यावर २९ विजय आणि ५३ पराभव जमा झाले. पश्चिम विभागात त्यांच्या खालोखाल असू शकणाऱ्या सॅन डिएगोचे विजय होते ३०. म्हणजे अवघ्या एका पराभवाच्या फरकाने ह्यूस्टनने तळाचे स्थान ‘मिळवले’ होते. हे क्रियापद येथे जाणीवपूर्वक वापरले आहे.

तळाला जाऊन मिळणार काय होते, हे समजण्यासाठी ‘ड्राफ्ट’ नावाची व्यवस्था समजून घ्यावी लागते. एनबीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या लीगमध्ये दरवर्षी महाविद्यालयांतून (आणि अलीकडे परदेशांतूनही) येणाऱ्या नवोदित खेळाडूंची संघांमध्ये वाटणी होते, आणि निवडीचा पहिला मान दुबळ्या संघांना दिला जातो. ही कल्पना मुळात अमेरिकन फुटबॉलमधली. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी ती मांडली आणि १९३६ मध्ये ती प्रथम अमलात आली; बास्केटबॉलने ती १९४७ मध्ये उचलली. बलवान संघ अधिक बलवान होत गेले तर स्पर्धेतला रस संपेल, म्हणून हरणाऱ्याला हात द्यावा, इतका साधा तिचा हेतू होता. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलले जाते. आपल्याकडच्या आयपीएलच्या लिलावात गुणतक्त्यातील स्थान काहीही असो, खर्चाची मर्यादा सर्वांना सारखीच असते. अमेरिकन पद्धतीत मात्र पराभवाला मोबदला आहे. ज्या समाजाला आपण बाजारपेठेचा कट्टर उपासक समजतो, त्याने आपल्या खेळात ही समाजवादी म्हणावी अशी तरतूद करून ठेवली आहे, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

साहित्याच्या अभ्यासकाला यात रस वाटावा असा एक मुद्दा आहे. नियम हीसुद्धा एक संहिताच असते, आणि संहितेचा अर्थ लिहिणाऱ्याच्या हेतूपाशी थांबत नाही. ‘हरणाऱ्याला साहाय्य मिळेल’ असे लिहिणाऱ्याने लिहिले. वाचणाऱ्याने ‘साहाय्य हवे असेल तर हरावे’ असे वाचले. वाक्य तेच. प्रश्न असा, की असे वाचणाऱ्यांचे पुढे भले झाले काय? गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नावर तावातावाने वाद झाले आहेत, आणि दोन्ही बाजूंना आपापली उदाहरणे हाताशी असतात. ती उदाहरणे जरा सावकाश वाचली पाहिजेत, असे मला वाटते.

१९८४ पर्यंतचा नियम असा होता : पूर्व आणि पश्चिम विभागांतील तळाच्या दोन संघांमध्ये नाणेफेक व्हायची आणि जिंकणाऱ्याला पहिली निवड मिळायची. ह्यूस्टनने आधीच्या हंगामात केवळ १४ सामने जिंकले होते. त्या वेळी नाणेफेक त्यांच्या बाजूने पडली आणि राल्फ सॅम्पसन हा सव्वासात फुटांहून उंच खेळाडू त्यांना मिळाला. १९८४ मध्येही नाणे त्यांच्याच बाजूने पडले. हरला पोर्टलंडचा संघ. पूर्वेच्या तळाला होता इंडियाना, पण त्यांचा हक्क एका जुन्या अदलाबदलीत पोर्टलंडकडे गेला होता. ह्यूस्टनने आपल्याच शहरातील विद्यापीठाचा हकीम ओलाजुवान निवडला. पोर्टलंडला उंच खेळाडूची निकड होती, म्हणून त्यांनी सॅम बोवीला घेतले. तिसरा क्रमांक शिकागोचा होता. शिकागोने ५५ सामने गमावले होते, म्हणजे ह्यूस्टनपेक्षा दोन अधिक. पण पूर्व विभागात इंडियाना त्यांच्याही खाली असल्याने नाणेफेकीत उभे राहण्याचा अधिकारच त्यांना मिळाला नाही. या तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. रांगेत पुढे उभे राहण्याची धडपड आणि प्रत्यक्ष पदरात पडलेले माप यांतील अंतर त्या एका दिवशीच, १९ जून १९८४ रोजी, स्पष्ट दिसले होते.

ह्यूस्टनचा फायदा झालाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ओलाजुवान आणि सॅम्पसन यांच्या बळावर त्यांनी १९८६ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि १९९४, १९९५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. पण या दोन टप्प्यांच्या मध्ये आठ वर्षांची पोकळी आहे. दुखापतींनी ग्रासलेला सॅम्पसन १९८७ मध्येच संघाबाहेर गेला. १९९४ चा विजेता संघ ज्यांच्यामुळे उभा राहिला त्यांतला रॉबर्ट हॉरी अकराव्या क्रमांकावर निवडलेला, सॅम कॅसेल चोविसाव्या. केनी स्मिथ आणि ओटिस थॉर्प अदलाबदलीतून आलेले. १९९५ मध्ये हंगामाच्या ऐन मध्यावर क्लाइड ड्रेक्सलर आला, तोही पोर्टलंडकडून, थॉर्पच्या मोबदल्यात. पराभवाने ह्यूस्टनला एक असामान्य खेळाडू दिला, हे खरे. संघ मात्र त्यांना दहा वर्षे खपून बांधावा लागला.

लीगचे आयुक्तपद १९८४ च्या फेब्रुवारीत डेव्हिड स्टर्न यांच्याकडे आले होते. ह्यूस्टनच्या प्रकाराने झालेला बोभाटा त्यांना परवडणारा नव्हता. १९८५ पासून बाद फेरीत न पोहोचलेल्या सातही संघांची सोडत काढण्यात येऊ लागली, आणि सुरुवातीला प्रत्येकाची शक्यता समान ठेवली गेली. पहिल्याच सोडतीत न्यूयॉर्कला पॅट्रिक युइंग मिळाला. (त्या संघाचे पाकीट आधी बर्फात थंड करून ठेवले होते, अशी दंतकथा तिथे आजही चवीने सांगितली जाते.) तळाशी असलेल्या गोल्डन स्टेटची घसरण थेट सातव्या क्रमांकावर झाली. मग ओरड सुरू झाली, की खऱ्याखुऱ्या दुबळ्यांवर हा अन्याय आहे. १९९० मध्ये तळाच्या संघाची शक्यता वाढवली गेली. १९९३ मध्ये ४१ विजय आणि ४१ पराभव अशा बरोबरीत असलेल्या ऑरलँडोने ६६ मधील एकमेव संधीवर सोडत जिंकली. त्यांच्याकडे आधीच्या वर्षीचा पहिला मानकरी शकील ओ’नील होताच. तेव्हा पुन्हा ओरड झाली आणि तळाच्या संघाची शक्यता २५ टक्क्यांवर नेण्यात आली. नियमाचा हा लंबक पाहिला, की विद्यापीठांच्या परीक्षापद्धतीतील बदल आठवतात.

बेक टेलर आणि जस्टिन ट्रॉग्डन या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच बदलांचा प्रयोगशाळेसारखा उपयोग करून घेतला आहे. नाणेफेकीचा शेवटचा हंगाम, समान शक्यतेच्या सोडतीचा पहिला हंगाम आणि तळाला झुकते माप देणाऱ्या नियमाच्या वेळचा १९८९-९० चा हंगाम त्यांनी ताडून पाहिला. बाद फेरीची आशा संपलेले संघ पहिल्या आणि तिसऱ्या हंगामात त्यांच्या कुवतीच्या मानाने अधिक हरत होते. मधल्या हंगामात, जेव्हा अधिक हरून काही मिळणारच नव्हते, तेव्हा तसे आढळले नाही. मोबदला काढून घेतला की पराभवही कमी होतात. हेतूविषयीच्या कुजबुजीला आकड्यांचा इतका नेमका आधार क्वचितच मिळतो.

या प्रकाराला तिकडे ‘टँकिंग’ म्हणतात. हा शब्द मुष्टियुद्धातून आला. पैसे घेऊन आडवे पडणाऱ्या मुष्टियोद्ध्याला, तलावात सूर मारल्यासारखा खाली गेला या अर्थाने, ही क्रिया चिकटली. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ‘लुटुपुटूची लढाई’ दोन्ही पक्षांच्या संमतीने होते. येथे एकच पक्ष हरायला आलेला असतो आणि दुसरा मनापासून खेळत असतो. ‘रणछोड’ हे कृष्णाचे नाव अनेकांच्या ओठांवर येईल. पण जरासंधापुढून माघार घेणाऱ्या कृष्णाने आपल्या माणसांना जपण्यासाठी रण सोडले. या प्रकारात आपलीच माणसे खर्ची पडतात. आणखी एक बारकावा असा, की मैदानावरचा खेळाडू सहसा मुद्दाम हरत नाही. त्याचा पुढचा करार त्याच्या आजच्या कामगिरीवर ठरायचा असतो. पुढच्या वर्षी येणारा होतकरू मुलगा तर त्याचीच जागा घेणार असतो. पराभव रचला जातो तो वरच्या मजल्यावर : जिंकू शकणारे खेळाडू देऊन टाकायचे, किरकोळ दुखण्याला विश्रांतीचे कारण करायचे, आणि जे उरतील त्यांना प्रामाणिकपणे खेळू द्यायचे. प्रामाणिक माणसांकडून घडवलेला अप्रामाणिक पराभव, असे याचे स्वरूप आहे.

१९९७ हे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षीचा सर्वांना हवासा खेळाडू होता टिम डंकन. बॉस्टनने १५ विजय आणि ६७ पराभव अशी आपल्या इतिहासातील हीन कामगिरी करून ठेवली होती. त्यांच्याहून खाली असलेला व्हँकुव्हरचा नवा संघ नियमानुसार पहिल्या निवडीस पात्र नव्हता. शिवाय डॅलसचा हक्कही बॉस्टनकडे असल्याने डंकन मिळण्याची त्यांची शक्यता ३६ टक्क्यांच्या घरात होती. इतर कोणाचीही इतकी नव्हती. सोडतीत त्यांच्या वाट्याला तिसरा आणि सहावा क्रमांक आला. तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या चाउन्सी बिलप्सला त्यांनी पहिला हंगाम संपायच्या आतच देऊन टाकले. हाच बिलप्स पुढे २००४ मध्ये डेट्रॉइटच्या विजेतेपदाचा शिल्पकार ठरला. डंकन गेला सॅन अँटोनिओकडे. तो संघ मुळात बलवान होता. डेव्हिड रॉबिन्सन हा त्यांचा आधारस्तंभ दुखापतींमुळे केवळ सहा सामने खेळू शकला, म्हणून त्या एका वर्षी ते ६२ सामने हरले. रॉबिन्सन परतला, डंकन आला, बाकावर ग्रेग पॉपोविच होतेच; पुढच्याच हंगामात ५६ विजय, १९९९ मध्ये विजेतेपद, आणि २०१४ पर्यंत आणखी चार. दोन्ही संघ त्या वर्षी भरपूर हरले, पण एकाच्या घरी आजारपण होते आणि दुसऱ्याच्या घरी दैन्य. पाहुणा चांगला मिळाला म्हणून दैन्य असलेले घर सावरले असते काय, याची मला शंका आहे.

या शंकेचे उत्तर शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न फिलाडेल्फियात झाला. २०१३ मध्ये तेथील संघाची सूत्रे सॅम हिंकी या व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधराकडे आली. मध्यम दर्जाच्या संघाला ना विजेतेपद मिळते ना उत्तम नवोदित, तेव्हा मधल्या जागेपेक्षा तळ बरा, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि त्यात तर्कदोष काढणे सोपे नाही. पहिल्याच ड्राफ्टच्या रात्री त्यांनी आपला उमदा खेळाडू जरू हॉलिडे देऊन टाकला. पुढील तीन हंगामांत संघाने अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. २४६ पैकी १९९ गमावले. २०१४ मध्ये सलग २६ पराभव झाले. या कालखंडाला चाहत्यांनीच ‘द प्रोसेस’ असे नाव दिले आणि पुढे प्रेक्षागृहात त्याच्या घोषणाही होऊ लागल्या. पराभवावर श्रद्धा बसावी, ही आधुनिक क्रीडासंस्कृतीतील एक विलक्षण घटना म्हटली पाहिजे.

एप्रिल २०१६ मध्ये हिंकी यांनी राजीनामा दिला, तो १३ पानांच्या पत्राद्वारे. हे पत्र एखाद्या निबंधासारखे आहे आणि त्याची सुरुवात होते ती आपल्या विदर्भाशी नाते सांगणाऱ्या एका नावाने : शल्यविशारद आणि लेखक अतुल गावंडे, ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातून अमेरिकेत गेले. पुढे त्यात लिंकन येतात, गुंतवणूकदार येतात, न्यूझीलंडमधील नामशेष झालेला मोआ पक्षीही येतो. दूरदृष्टी, धीर, लोकनिंदेची तयारी हे त्यातील विषय. बास्केटबॉलच्या व्यवस्थापकाने इतके वाचावे, याचे एका मराठीच्या प्राध्यापकाला कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. पण त्या १९९ सामन्यांत ज्यांनी घाम गाळला, त्यांच्या दृष्टीने हा काळ कसा होता, याची जाणीव मला त्या पत्रात पुरेशी दिसत नाही. वाचताना एखाद्या भव्य धरणाचा आराखडा वाचल्यासारखे वाटते. बुडालेली गावे नकाशाबाहेर असतात.

आणि पीक काय आले? नर्लेन्स नोएल, जोएल एम्बीड, जलील ओकाफोर, बेन सिमन्स आणि मार्केल फुल्ट्झ हे पाच मोठ्या क्रमांकांचे खेळाडू. एम्बीड दोन वर्षे दुखापतीमुळे खेळू शकला नाही, पण पुढे थोर ठरला. २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू होता. उरलेले चौघेही एकेक करून गेले. फुल्ट्झसाठी तर फिलाडेल्फियाने बॉस्टनला तिसरा क्रमांक आणि वर आणखी एक हक्क देऊन पहिला क्रमांक घेतला. त्या तिसऱ्या क्रमांकावर बॉस्टनने जेसन टेटम घेतला. २०२५ पर्यंत फिलाडेल्फियाचा संघ बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे गेला नव्हता. बॉस्टन २०२४ मध्ये विजेते झाले. १९९७ मध्ये पोळलेल्या याच बॉस्टनने २०१३ मध्ये आपले वयस्क तारे ब्रुकलिनला देऊन त्यांचे भावी हक्क घेऊन ठेवले होते. पुढे ब्रुकलिन हरत राहिले आणि त्या पराभवांवर बॉस्टनला आधी जेलेन ब्राउन, मग टेटम मिळाला. स्वतः जिंकत राहायचे आणि दुसऱ्याच्या पराभवाचे भाडे खायचे, हा या व्यवस्थेचा सर्वांत चतुर उपयोग.

फिलाडेल्फियाच्या अनुभवानंतर, २०१९ च्या सोडतीपासून, तळाच्या तिन्ही संघांची शक्यता समान, प्रत्येकी १४ टक्के, करण्यात आली. डेट्रॉइटने २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने गमावले आणि त्यांच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. २०२५ मध्ये यूटाचेही तसेच झाले. त्या वर्षी पहिला क्रमांक मिळाला डॅलसला, तोही १.८ टक्के शक्यतेवर. डॅलसचा उल्लेख आला आहे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांच्या मालकांना, मार्क क्यूबन यांना, हरणेच आपल्या हिताचे आहे असे खेळाडूंना सांगितल्याची जाहीर कबुली दिल्याबद्दल २०१८ मध्ये सहा लाख डॉलरचा दंड झाला होता. २०२३ मध्ये बाद फेरीची आशा शिल्लक असतानाही संघाने प्रमुख खेळाडूंना बसवले आणि साडेसात लाखांचा दंड भरला. त्या पराभवांमुळे दहावा क्रमांक त्यांच्या हातून निसटला नाही, त्याच्या अदलाबदलीतून डेरेक लाइव्हली आला, आणि २०२४ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला. तेथे दंड हा गुंतवणुकीचा खर्च ठरला. मात्र डॅलसकडे लुका डॉन्चिच आधीपासून होता, हे विसरून चालणार नाही.

१९८५ च्या पहिल्या सोडतीपासून २०२५ पर्यंत पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडू निवडणाऱ्या संघालाच विजेतेपद मिळवून देताना फक्त चार वेळा दिसतो : रॉबिन्सन, डंकन, लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्व्हिंग. त्यांतही जेम्स आधी क्लीव्हलंड सोडून गेला आणि परतल्यावर ते घडले. जोकिच एक्केचाळिसाव्या क्रमांकाचा, अँटेटोकुन्पो पंधराव्या, करी सातव्या. पराभवाने रांगेतली जागा मिळते. रांगेच्या टोकाला कोण उभे आहे, हे ओळखणारी नजर आणि त्याला वाढवणारे घर मिळत नाही. ज्यांच्याकडे ती दोन्ही होती, त्यांना एखाद-दुसरे वाईट वर्ष उपकारक ठरले. ज्यांनी पराभवालाच घर मानले, त्यांचा मुक्काम तिथे वाढत गेला.

२०२५ ची अंतिम फेरी ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना यांच्यात झाली. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये ५० आणि २०२२ मध्ये ५८ पराभव सोसले होते. मेम्फिसकडून तर ते एकदा ७३ गुणांनी हरले, जो लीगमधील विक्रम ठरला. त्यातून दुसऱ्या क्रमांकाचा चेट होल्मग्रेन त्यांना मिळाला. पण त्यांचा नायक शे गिल्जस-अलेक्झांडर हा अकराव्या क्रमांकाचा, २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या मोबदल्यात आलेला. आणि बाराव्या क्रमांकाचा जेलेन विल्यम्स हे त्याच सौद्याचे दुसरे फळ. समोरच्या इंडियानाने १९८८ नंतर पहिल्या पाचांत कधी निवड केलीच नव्हती. त्यांचा हॅलिबर्टन बाराव्या, सियाकम सत्ताविसाव्या क्रमांकाचा, दोघेही अदलाबदलीतून आलेले. लढत सातव्या सामन्यापर्यंत गेली, हॅलिबर्टन जायबंदी झाला आणि ओक्लाहोमा जिंकले. त्या सातव्या सामन्यात इंडियानाकडून टी. जे. मॅककॉनेल नावाचा एक ठेंगणा, तिशी उलटलेला खेळाडू जिवाच्या आकांताने धावत होता. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच निवडले नव्हते. हरायला माणसे हवी होती, तेव्हा फिलाडेल्फियाने त्याला घेतले होते, आणि ७२ सामने हरलेल्या त्या संघात तो पहिला हंगाम खेळला होता.